आधी वस्ती, मग फ्लॅट

पुण्यात घर शोधणारे कुटुंब बहुधा खोल्या, चौरस फूट आणि कर्जाचा हप्ता यांपासून सुरुवात करते. वस्तीचा विचार राहतो शेवटी, तोही उरलासुरला. हा क्रम उलटा हवा. घरातली फरशी बदलता येते, ओटा नव्याने बांधता येतो. नळाला पाणी किती वेळ येते, शाळेची बस कोणत्या चौकात अडकते, सत्तरीतल्या माणसाला संध्याकाळी समोरचा रस्ता ओलांडता येतो का, या गोष्टी मात्र कोणत्याही घरमालकाच्या हातात नसतात.

पुण्याचे भाग वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी वसले आहेत, आणि त्या कारणांच्या खुणा आजही तिथल्या राहणीमानात दिसतात. कसबा पेठ जुनी. सदाशिव, नारायण या पेठा पेशवाईत वसल्या, म्हणून तिथे सगळे पायी अंतरावर आहे आणि गाडी लावायला जागा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुढे हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे वाकड आणि बाणेर वाढले, पूर्वेला खराडी आणि हडपसरची शेते इमारतींखाली गेली. हडपसरलाच सतीश मगर यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरांना न विकता एकत्र केल्या आणि चारशेहून अधिक एकरांवर मगरपट्टा सिटी उभारली. आधी रस्ते आणि झाडे, मग इमारती असा क्रम तिथे पाळला गेला. शहराच्या कडेला तो फार थोड्या ठिकाणी पाळला गेला.

कडेच्या भागांची खरी अडचण इथेच आहे. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी ही त्यांतलीच. तिथल्या कित्येक सोसायट्या ग्रामपंचायतीच्या काळात बांधल्या गेल्या. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मागून येत आहेत. मधल्या काळात टँकर आणि बोअर यांवर भागवावे लागते. स्वस्त वाटलेल्या फ्लॅटचा पाणीखर्च सोसायटीच्या मासिक वर्गणीतून दर महिन्याला वसूल होत राहतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. त्यामुळे वस्ती निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा असावा, आणि तो एजंटाला विचारून उपयोग नाही. सोसायटीचा वॉचमन, तळमजल्यावरचा किराणा दुकानदार, तिथे राहणारी गृहिणी यांना विचारावा, आणि शक्य तर एप्रिल-मेमध्ये.

पाणी कमी असण्याइतकेच ते नको तेव्हा घरात शिरणेही या शहराला माहीत आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांत माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेले पाणी आणि मुसळधार पाऊस यांमुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. नदीच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे आणि जवळून एखादा बुजवलेला ओढा जातो का, हे विकास आराखड्यात पाहून घ्यावे. नदीकाठचा गारवा आणि बाल्कनीतून दिसणारी हिरवळ यांच्यापुढे ही चौकशी नकोशी वाटते, तरी ती टाळू नये.

त्यानंतर प्रवास. अंतर किलोमीटरमध्ये मोजणे पुण्यात फसवे ठरते; सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी साडेसहाला प्रत्यक्ष जाऊन यावे. हिंजवडीला जाणाऱ्याने वाकडजवळचा भूमकर चौक एखाद्या सोमवारी ओलांडून पाहावा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने हे गणित बरेच बदलले आहे. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांवर स्टेशनपासून दहा मिनिटे पायी असलेले घर आणि तेवढ्याच भाड्याचे, पण रिक्षाच्या अंतरावरचे घर यांत पहिले निःसंशय चांगले. पती-पत्नीची कार्यालये दोन टोकांना असतील, तर ज्याच्या कामाच्या वेळा पक्क्या आहेत आणि ज्याला रोज जावेच लागते, त्याच्या बाजूला झुकावे. दोघांनाही सारखीच गैरसोय करणारा मध्यबिंदू क्वचितच कुणाच्या सोयीचा असतो.

राहणीची आवड-निवड यानंतर येते, पण ती गौण नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका, खानावळी आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने सोडून दूर राहणे परवडत नाही. ज्येष्ठांसाठी कोथरूड, एरंडवणे, डेक्कन हे भाग अजूनही उत्तम: दवाखाना, भाजी, बँक पायी, आणि संध्याकाळी नाटक पाहायचे तर यशवंतराव चव्हाण किंवा बालगंधर्व नाट्यगृह फार दूर नाही. पहाटे चालणाऱ्यांनी वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी यांच्या पायथ्याजवळ घर पाहावे. हवेतला फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. रात्री उशिरापर्यंत बाहेर रमणाऱ्या तरुणांना कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगर आवडते. तान्हे मूल असलेल्या घराला तीच वर्दळ जड जाते. पेठेत राहायचे तर गणेशोत्सवाचे दहा दिवस बंद रस्ते आणि ढोल-ताशे मनापासून स्वीकारावे लागतात. विमाननगरचे घर घेणाऱ्याने खिडकी उघडी ठेवून विमानांचा आवाज आधी ऐकावा.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंद या दोन गोष्टींवर तडजोड नको. पहिल्यामुळे नळजोडणी आणि पुढची विक्री सुरळीत होते, दुसरीमुळे बिल्डरने मंजूर आराखड्यात काय कबूल केले आहे ते घरबसल्या तपासता येते.

एवढे करूनही वस्ती पूर्ण कळत नाही. त्यासाठी तिथे आधी भाड्याने राहणे हाच चांगला मार्ग. नोंदणीकृत अकरा महिन्यांच्या करारात पावसाळा, उन्हाळा, शाळेचे प्रवेश आणि बहुतेक सण येऊन जातात. पोटाला चिमटा घेऊन वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने एवढी मुदत स्वतःला द्यावी आणि त्या काळात ‘दर वाढतायत, आजच बुकिंग करा’ म्हणणाऱ्या कुणाचेही ऐकू नये.