भाताचं फूल आणि खाऱ्या पाण्याचं गणित

आपल्या पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती इथल्याच. तेव्हा आजचा प्रश्नही इथलाच घेऊ. खाजणातलं भात कधीकधी हिरवंगार दिसतं, निसवतंही नीट. पण लोंबी हातात घेतली तर निम्मी पळींज. रोप जगलं, मग दाणा कुठे गेला?

उत्तर फुलात आहे. भाताला फूल कुठलं, असं वाटेल. पण लोंबीवरचा प्रत्येक दाणा म्हणजे आधी एक फूलच असतं. त्याला रंगीत पाकळ्या नसतात. बाहेर तुसाची दोन टरफलं, आत दोन बारीक खवले, सहा पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर. खवले पाणी पिऊन फुगतात, तूस उघडतं, आणि तासाभरात परागीभवन उरकतं.

कुठे कोणता अवयव व्हायचा, हे ‘मॅड्स’ कुटुंबातली जनुकं ठरवतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००३ साली अशा एका जनुकाचा अभ्यास मांडला. त्याचं नाव ‘सुपरवुमन-१’. ते बिघडलं की पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर येतात आणि आतले खवले टरफलासारखे होतात. गंमत पाहा, गवताच्या कुळात पाकळीचं काम करणारं जनुक आहे. फक्त त्याने पाकळीऐवजी खवला घडवला.

आता मिठाकडे येऊ. भाताला खारेपणा दोन वेळा फार बाधतो: रोप कोवळं असताना, आणि पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत. निसवण्याच्या साधारण १० ते १२ दिवस आधी परागकोशात पराग घडत असतात. त्या वेळी शेवटच्या पानात आणि लोंबीत सोडियम साठलं, तर पराग वांझ राहतात. पान हिरवं असतं, पण फळधारणा होत नाही. हीच ती पळींज.

इथे एक गैरसमज दूर करू. केरळच्या पोक्कळी भातातून ‘सॉल्टॉल’ नावाचा गुणसूत्राचा भाग पैदाशीत आला. त्याच भागातलं एक जनुक मुळाकडून वर चढणाऱ्या रसातून सोडियम काढून घेतं. ते २००५ साली नोना बोकरा या भातात ओळखलं गेलं. सॉल्टॉलचा फायदा मुख्यतः रोपावस्थेत दिसतो. फुलोऱ्यातली सहनशीलता बऱ्याच अंशी वेगळ्या जनुकांवर अवलंबून असते. म्हणजे रोपवाटिकेत पास झालेली जात पोटरीत नापास होऊ शकते.

दुसरी बाजू वेळेची. भात मुळात लहान दिवसांचं पीक. पानात ‘एचडी-३ए’ जनुकापासून बनणारं प्रथिन शेंड्याकडे जातं आणि ‘आता पान पुरे, फूल कर’ असा निरोप देतं; हे २००७ साली सिद्ध झालं. ‘एचडी-१’ हे जनुक मोठ्या दिवसांत हा निरोप अडवतं, लहान दिवसांत सोडतं. आपले हळवे, निमगरवे, गरवे हे भेद अशाच जनुकांच्या निरनिराळ्या रूपांतून येतात.

हिशेब करून पाहू. पेरणी १५ जूनची धरा. निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण ३० दिवस. म्हणजे ११० दिवसांचं हळवं भात सप्टेंबरच्या सुरुवातीला निसवेल, १४० दिवसांचं गरवं ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पावसाळ्यात गोडं पाणी मीठ खाली दाबून ठेवतं. पाऊस सरला, जमीन सुकू लागली की मीठ पुन्हा वर चढतं. हळव्याचं फूल पावसाच्या आधाराने उरकतं. गरव्याचं नेमकं कात्रीत सापडतं.

म्हणून खाजणासाठी जात निवडताना आपण दोन प्रश्न विचारायला हवेत. खारेपणा सोसण्याची चाचणी फक्त रोपावर झाली, की फुलोऱ्यातही? आणि ही जात निसवते कधी? त्याबरोबर फुलोरा संपेपर्यंत खाचरातलं गोडं पाणी सोडू नये आणि उधाणाआधी बांध पाहून घ्यावा. जनुक कितीही चांगलं असलं, तरी त्या दहाबारा दिवसांत फुलाला गोडं पाणी लागतंच.