भाग ३४ : आठची गोळी आणि कॅल्सिन्युरिन नावाचा स्विच

मागच्या भागानंतर एका ताईची व्हॉइस नोट आली. तिच्या दादाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं झालीत. किडनी आईने दिली. रिपोर्ट चांगले आहेत, दादा कामावर जातो. पण सकाळी आठ आणि रात्री आठची गोळी काही सुटत नाही. आता दादा म्हणतो, "किडनी सेट झालीय, अधूनमधून एखादी गोळी चुकली तर काय बिघडतं?" गोळीचं नाव टॅक्रोलिमस.

आता मी काही डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. डोसबद्दल मला विचारू नका. पण ही गोळी शरीरात नेमकी कुठे जाऊन काम करते, ते कळलं की दादाच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. म्हणून आजचा भाग.

सुरुवात पेशीपासून करू. पेशीत हजारो प्रकारची प्रोटीन असतात आणि ती सगळी एकाच वेळी कामाला लागून चालत नाही. मग त्यांना चालू-बंद कसं करायचं? एक सोपी पद्धत म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेटचा छोटासा तुकडा चिकटवायचा किंवा काढायचा. चिकटवणारी एन्झाइम म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फटेज. आपल्या कोडमधला फ्लॅग असतो ना, तसंच.

कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम आहे. अमेरिकेत क्लॉड क्ली या संशोधक बाईंनी १९७९ मध्ये त्याला हे नाव दिलं. कॅल्शियम धरून ठेवतं आणि मेंदूच्या पेशींत भरपूर सापडतं, म्हणून कॅल्सिन्युरिन. त्याची खासियत अशी की कॅल्शियमचा इशारा आल्याशिवाय ते कामच करत नाही.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. पण पेशीसाठी कॅल्शियम म्हणजे निरोप. पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त असतं. पेशी सतत पंप चालवून ते बाहेर फेकत असते. आत इतकी सामसूम असल्यामुळे थोडंसं कॅल्शियम आत आलं तरी लगेच कळतं. रात्री दोन वाजता दाराची बेल वाजावी तसं.

कॅल्सिन्युरिनचे दोन भाग असतात, ए आणि बी. फॉस्फेट काढायची जागा ए भागात आहे. पण ए ची स्वतःचीच शेपटी त्या जागेत बूच मारून बसलेली असते. कॅल्शियम वाढलं की ते बी भागाला आणि कॅल्मोड्युलिन नावाच्या आणखी एका प्रोटीनला चिकटतं. मग कॅल्मोड्युलिन ए ला येऊन धरतं, शेपटी बाजूला होते आणि एन्झाइम चालू. कॅल्शियम उतरलं की बूच परत जागेवर.

आता दादाच्या शरीरात येऊ. टी पेशी म्हणजे आपल्या रक्तातले पहारेकरी. त्यांना परकं काही दिसलं की आधी पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. साठा रिकामा होतोय हे कळल्यावर बाहेरच्या आवरणातलं दारही उघडतं आणि कॅल्शियम बराच वेळ चढतं राहतं. कॅल्सिन्युरिन चालू होतं आणि एनफॅट नावाच्या प्रोटीनवरचे फॉस्फेट काढून टाकतं. त्या फॉस्फेटमुळे एनफॅटचा केंद्रकात जायचा पास झाकलेला होता. पास उघडा पडला की एनफॅट केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-२ चा जीन चालू करतं. झालं, टी पेशींची फौज वाढायला लागते.

टॅक्रोलिमस इथेच आडवं येतं. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. त्याच्याआधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून आलं आणि १९७८ पासून ट्रान्सप्लांटच्या पेशंटना मिळायला लागलं. गंमत म्हणजे ही औषधं नेमकी कुणाला अडवतात ते १९९१ मध्ये उलगडलं. दोन्ही औषधं पेशीतल्या वेगवेगळ्या प्रोटीनला चिकटतात आणि ती जोडी जाऊन कॅल्सिन्युरिनवर बसते. मग एनफॅटला तिथे पोचताच येत नाही.

आता दादाचा प्रश्न. आईची किडनी निदान निम्मी तरी जुळणारी असते, पण उरलेला भाग टी पेशींच्या लेखी परकाच. दोन वर्षं झाली म्हणून त्या ओळख विसरत नाहीत. गोळी त्यांना काही शिकवत नाही, ती फक्त स्विचवर बोट ठेवून बसते. लिव्हर औषध मोडत राहतं, रक्तातलं प्रमाण उतरतं आणि बोट सैल पडतं. वाईट म्हणजे रिजेक्शन सुरू झालं तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणजे दादाला वाटणार, "बघ, काही झालं नाही." कळतं ते क्रिएटिनिन वाढल्यावर, आणि तोवर किडनीचं थोडंफार नुकसान झालेलं असू शकतं.

मग डोस वाढवूनच ठेवला तर? तेही नाही. कॅल्सिन्युरिन मेंदूत, हृदयात, सगळीकडे आहे. औषध जास्त झालं तर हात थरथरतात, बीपी आणि साखर वाढू शकते, खुद्द किडनीलाही त्रास होतो. म्हणून तर सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन लेव्हल बघतात. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, कारण त्याने लेव्हल चढते. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या औषधांनीही चढते, त्यामुळे दुसरी कुठलीही गोळी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि एखादी चुकलीच, तर मनाने डबल घेऊ नये, त्यांना फोन करावा.

तर ताई, हा भाग दादाला पाठव. त्याच्या फोनमध्ये आठचे दोन अलार्म लाव, आणि एक आईच्या फोनमध्येही. मंडळी, तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!