न दुखणारा कण

दिवाळीच्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या चौक गावाच्या आसपास भाताची कापणी उरकत आलेली असते आणि खळ्यांवर झोडणी सुरू झालेली असते. त्याच दिवसांत खोपोलीच्या बाजूला पोलादाच्या कारखान्यांच्या पाळ्या चालू असतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकाठच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर फिरत असतो, डोंगराच्या पायथ्याला खाणीत सुतकीचे घाव पडत असतात. डोळ्यात काहीतरी जाणं या पट्ट्यात रोजचंच. फुंकर, पदराचं टोक, ओंजळभर पाणी यावर बहुतेक वेळा भागतं, कारण कण वरच्यावर असतो.

भाताचं कुसळ बुबुळावर रुतलं तर मात्र जपायला हवं. शेतातली बुरशी त्याच्यासोबत आत शिरते आणि चार-आठ दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग दिसू लागतो. अशा वेळी दुकानातून मागून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली ओसरते आणि त्या आडून बुरशी पसरत राहते. तरीही कुसळ टोचतं, पाणी काढतं, म्हणून माणूस निदान कुठेतरी दाखवायला जातो.

मला जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या कणाची. घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं, त्याच्या कडा बाहेर वळतात. पुढच्या एखाद्या घावाला त्या कडेचा कपचा उडतो. आकार मिलिमीटरभर, कधी त्याहून लहान. वेग मात्र असा की तो बुबुळ भेदून, भिंगातून थेट मागच्या पडद्यापर्यंत जातो. जखम इतकी बारीक की आपोआप मिटते. काहीतरी लागलं एवढंच कामगाराला जाणवतं. तो डोळा धुतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या दिवशी नजर अगदी साफ असू शकते.

म्हणून इथलं निदान एका प्रश्नापासून सुरू होतं: लागलं तेव्हा काय करत होतात? ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ असं उत्तर आलं, तर डोळा वरून कितीही चांगला दिसो, कण आत आहे असंच धरून चालायचं. मग स्लिट लॅम्पखाली जखमेचा माग काढतात. फ्लुरेसीनचा पिवळा रंग टाकल्यावर कुठून पाणी झिरपतंय ते दिसतं. बाहुली मोठी करून पडदा पाहतात. साध्या एक्स-रेत लोखंड दिसतं, पण कण नेमका कुठे आहे ते कळायला बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो. वाळकं लाकूड त्यातही हवेसारखं दिसून फसवतं. एमआरआय मात्र लोखंड नाही याची खात्री होईपर्यंत कदापि नाही, कारण त्या यंत्राचं चुंबक आतला कण हलवतं आणि डोळा आतून फाडू शकतं.

कण तसाच राहिला तर तो आत गंजतो. त्यातलं लोह पेशींमध्ये झिरपतं, भिंगावर तांबूस ठिपके येतात, बाहुली फाकते, पडदा निकामी होत जातो. याला काही आठवडे लागतात, कधी वर्षं. शुद्ध तांबं याहून उतावीळ. त्याने डोळा लगेच भडकतो. मातीने माखलेला कण असेल तर जंतू एक-दोन दिवसांत सगळा डोळा नासवू शकतात. काच आणि पुष्कळसं प्लॅस्टिक मात्र डोळा सहन करतो. याच सहनशीलतेने जगाला मोठी देणगी दिली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत निवांत पडून राहिलेले लंडनचे डॉक्टर हॅरल्ड रिडली यांनी पाहिले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज चौक-कर्जतची आजी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नातवाचा चेहरा स्वच्छ पाहते, त्याचं मूळ तिथे आहे.

लोखंड काढायला चुंबक वापरण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत शल्य, म्हणजे शरीरात रुतलेली वस्तू, काढण्याच्या उपायांमध्ये अयस्कान्त, म्हणजे लोहचुंबक, येतो, पण अट घालून: शल्य सुटं, बिनकाट्याचं आणि जखमेचं तोंड मोठं असेल तरच. ही अट किती शहाणपणाची होती ते पुढे कळलं. बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनी १८७९मध्ये डोळ्यासाठी विद्युतचुंबक वापरलं, झुरिकच्या हाब यांनी १८९२मध्ये अवाढव्य चुंबक आणलं. कण बाहेर यायचा खरा, पण ओढला जाताना वाटेतलं नाजूक काही फाडूनही यायचा. चित्र पालटलं ते १९७०च्या सुमारास, रॉबर्ट माखेमर यांच्या व्हिट्रेक्टमीमुळे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक छिद्रं पाडून आतला जेलीसारखा द्रव कापून काढतात, कण उजेडात मोकळा करतात आणि चिमट्याने किंवा छोट्या चुंबकाने अलगद उचलतात. पडदा फाटला असेल तर लेझर करून आत वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. जंतुसंसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक थेट डोळ्यात टोचतात.

हे काम चौकच्या ग्रामीण रुग्णालयात होणारं नाही. त्यासाठी पनवेलची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट किंवा मुंबईचं जे. जे. यांसारखं ठिकाण गाठावं लागतं. पण डोळा वाचेल की नाही हे पुष्कळदा गाडीत बसण्याआधीच्या तासात ठरतं. डोळा चोळायचा नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, रुतलेलं काही दिसलं तर उपटायचं नाही. मलम नको. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याला न टेकता कडेच्या हाडांवर बसवावा. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं. भूल द्यावी लागेल म्हणून चहासुद्धा पाजू नये. तुटलेली छिन्नी सोबत न्यावी. कपचा कुठल्या धातूचा ते सर्जनला त्यावरून कळतं.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३५व्या कलमाने कण उडणाऱ्या कामावर गॉगल किंवा आडपडदा बंधनकारक केला. रस्त्याकाठच्या दोन माणसांच्या शेडपर्यंत ते कलम पोहोचलं नाही, याची मला फार खंत वाटते. १९२३च्या भरपाई कायद्याने एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमावण्याची शक्ती ३० टक्के घटली असं धरलं, डोळाच गेला तर ४० टक्के. पण दुखापत कामावर झाली हे दाखवावं लागतं. म्हणून पहिल्या केसपेपरवर नुसतं ‘डोळा लाल’ असं लिहून भागत नाही. ‘कामावर छिन्नीला हातोडा मारताना लागलं’ हे तारीख-वेळेसह लिहून घ्यावं. सीटी स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरला तेच हवं असतं आणि पुढे भरपाईच्या अर्जालाही तेच जोडावं लागतं.