खाज एकाची, औषध गावाला

‘खरजुला’ ही आपल्याकडची जुनी शिवी. शब्द ठसकेबाज आहे, हे मराठीचा अध्यापक म्हणून मी मान्य करीन. पण त्यातला अर्थ साफ खोटा! खरूज ही घाणीची शिक्षा नव्हे. मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी मादी कातडीत बीळ कोरते, अंडी घालते, आणि एका अंथरुणात दाटीने झोपणाऱ्या पोरांत या अंगावरून त्या अंगावर जाते. रोज साबण लावणाऱ्यालाही ती सोडीत नाही.

पोर रात्रभर खाजवते. नखांनी कातडी सोलवटते, तीत जंतू शिरतात आणि पुवाचे फोड उठतात. ‘उष्णतेचे आहेत, जातील,’ असे घरोघर म्हणतात. पण यांतलेच काही जंतू पुढे मूत्रपिंडाला सूज आणतात.

मग त्या पोराला मलम चोळून का भागत नाही? पहिल्या लागणीनंतर खाज सुटायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर धाकटी बहीण न खाजवता किडा बाळगून असते, आणि बरा झालेला भाऊ रात्री तिच्याच शेजारी निजतो!

फिजी बेटांवर २०१२ साली यावर एक प्रयोग सुरू झाला. काही वस्त्यांत खरजेचे रोगी व त्यांच्या निकटच्यांनाच मलम दिले. तेथे वर्षाने खरूज शेकडा ३७ वरून १९ वर आली. दुसरीकडे खाज असो वा नसो, सर्वांनाच आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. तान्ह्यांना व गरोदर बायांना तेवढे मलम. तेथे खरूज शेकडा ३२ वरून २ च्या आत आली, आणि पुवाचे फोड २५ वरून ८ वर.