कामाच्या ठिकाणची सुरक्षा-संस्कृती आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग

‘सुरक्षा-संस्कृती’ हा शब्दप्रयोग फार जुना नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीत स्फोट झाला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाने आपल्या अहवालात तो वापरला. यंत्रे आणि नियम असूनही अपघात का होतात, याचे उत्तर शोधताना माणसांच्या सवयी आणि वरिष्ठांची वृत्ती यांचाही विचार करणे भाग पडले. आपल्याकडे मात्र ही चर्चा बहुधा हेल्मेट, घोषवाक्ये आणि ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापाशी थांबते. कर्मचारी सुरक्षेला मनापासून साथ केव्हा देतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यासाठी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचे उदाहरण पाहू. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथील टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची तीन वर्षे तितकीशी परिचित नाहीत. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या संपर्काने एका कामगाराचा मृत्यू झाला. कामगार संघटनांनी निदर्शने केली. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन पथकाने पाहणी करून दोष दाखविले. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी स्थानिक साप्ताहिकातून धोक्याचे इशारे दिले. म्हणजे सूचनांचा तुटवडा नव्हता. पण तोटा वाढत होता, खर्चकपात सुरू होती. या विभागातील ऑपरेटरांची संख्या १२ वरून ६ वर आणली गेली, टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवण्यात आली. कामाच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना इंग्रजी नीट येत नव्हते.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती असल्याचे वरिष्ठांना सांगण्यात आले आणि चहा झाल्यावर बघू, असे ठरले. कामगार निष्काळजी होते, असा निष्कर्ष काढणे येथे सोपे आहे; परंतु तो अपुरा होय. जेथे लहानसहान गळती नेहमीचीच असते आणि कळवूनही दुरुस्ती लांबते, तेथे डोळे चुरचुरणे हा इशारा राहत नाही, तो कामाचा भाग होतो. पुढे कंपनीने एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडल्याचा दावा केला. दोष खालच्या माणसाकडे कसा सरकतो, याचाही हा नमुना म्हणता येईल.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत सुरक्षा समिती व तीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी, तसेच आसन्न धोक्याची सूचना व्यवस्थापनाला व त्याच वेळी निरीक्षकालाही देण्याचा कामगाराचा हक्क, या तरतुदी तेव्हा आल्या. आता हा विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट आहे. परंतु कागदावरचा हक्क वापरण्यास माणूस धजावा, यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

ती कशी असावी, हे विमानवाहतुकीच्या क्षेत्रात दिसते. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजुतीमुळे थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला कळविले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. बाकीच्यांना पत्ताच नव्हता. १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय निवेदनाची योजना सुरू झाली. निवेदने नासाकडे जातात, कारण नासाला शिक्षेचा अधिकार नाही. तेथे नावे काढून टाकली जातात आणि धडा सर्वांना कळविला जातो. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळविणाऱ्यास सामान्यतः दंडातून सूट मिळते.

उद्योगातही असे घडू शकते. अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख पॉल ओनील यांनी १९८७ मध्ये नफ्याआधी सुरक्षा, असे गुंतवणूकदारांनाच सांगितले. त्या वेळी शंभर कामगारांमागे कामाचे दिवस बुडविणाऱ्या दुखापतींचे प्रमाण १.८६ होते, २००० पर्यंत ते ०.२ वर आले.

आता आपल्या महाविद्यालयांकडे पाहू. गॅसची नळी कोठे चिरली आहे, कोणत्या बटनाला झटका बसतो, हे प्रयोगशाळा परिचराला प्राध्यापकांच्या आधी कळते. त्याला विचारले मात्र क्वचितच जाते. एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तक्रारीसमोर दुरुस्तीची तारीख आणि न झाल्यास कारण विभागप्रमुखांनी स्वतः लिहावे. उत्तर न मिळणारी वही दोन महिन्यांत कोरी पडते. रसायनांच्या बाटल्यांवरील सूचना परिचर जी लिपी वाचतो तीत, मग ती उर्दू असो, कन्नड असो वा मराठी, लिहिलेल्या असाव्यात.

आणखी एक प्रथा तपासण्याजोगी आहे. काचसामान फुटले की त्याची भरपाई वसूल करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. परिणामी तडा गेलेला चंबू कपाटात मागे सरकवून ठेवला जातो आणि पुढच्या तुकडीतील कोणीतरी तोच बर्नरवर चढवतो. फुटल्याचे आपणहून सांगणाऱ्यास भरपाई माफ करून ती केवळ लपविणाऱ्याकडून घेतली, तर वर्षअखेरीस संस्थेचे काही रुपये जातील, एवढेच.