पत्त्यांचा डाव आणि घराचा हिशेब

मार्च २०२५ मधील गोष्ट आहे. १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी गोळा करण्याचे काम आमच्या मंडळात जोरात चालले होते. मी मंडळाचा हिशेब तपासनीस. बी.कॉम. झालेला आणि कचेरीत कारकुनी करणारा माणूस वस्तीत असला की हे काम त्याच्याच गळ्यात पडते. पावती-पुस्तके जमा झाली, बेरीज केली. पावत्यांप्रमाणे जमा ७१,४०० रुपये आणि खजिनदाराच्या बँक खात्यात मात्र २८,३०० रुपये. तीन वेळा बेरीज केली, फरक तोच.

खजिनदार म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. वय २६, एका गोदामात मालाची नोंद ठेवण्याची नोकरी. तंबाखू नाही, दारू नाही, रविवारी विहारात हजर. त्याला जिन्याखाली नेऊन विचारले. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "मामा, पोकर."

"पत्त्यांचा ना तो? अरे, तू तर कधी चाळीत तीन पत्तीलासुद्धा बसला नाहीस!"

"तिथे सगळे ओळखीचे असतात ना, मामा."

हे त्याचे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. लाजेपोटी तो ओळखीच्या माणसांत बसला नाही, आणि अनोळखी माणसांत रात्र-रात्र बसला.

वाचक बंधू-भगिनींनो, पत्ते दिसले की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझे बालपण पत्त्यांत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळीच्या गॅलरीत बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन चालायचे. आमची आजी सही करू शकत नव्हती, पण मेंढीकोटमध्ये कोणाकडे कुठली दहेली अडकली आहे हे ती बरोबर सांगायची. पुढे नोकरी लागल्यावर लोकलमध्ये चौघांच्या मांडीवर बॅग आडवी टाकून रमी खेळलो. स्टेशन आले की डाव मोडायचा, हिशेब चहावर मिटायचा. गोकुळाष्टमीच्या रात्री चाळीत तीन पत्ती बसायची, तिथे मात्र पैसे लागत. कोणी भान विसरून खेळू लागला तर त्याची बायको दारात येऊन उभी राही आणि काही न बोलता सगळा डाव उठे. पुरुषांना त्या बायकांचा राग यायचा. आज मला वाटते, त्या दारात येत होत्या म्हणून कित्येक घरे वाचली.

पोकर आणि आपली तीन पत्ती ही एकाच कुळातील भावंडे. तीन पत्ती ज्याला येते त्याला पोकर समजायला अर्धा तास पुरतो, आणि गोम तिथेच आहे. भाच्याने मला मोबाईलवर दाखवले तो प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधोमध आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडे टाकतात. आपले दोन व मधले पाच, अशा सातांतून उत्तम पाचांचा हात लावायचा. प्रत्येक टप्प्याला बोली. परवडत नसेल तर पॅक व्हायचे. हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवून लावायचे, हे आपल्या ब्लफसारखेच.

आकडेमोडीची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये मात्र कलर हा सिक्वेन्सपेक्षा मोठा. हा कोणाचा लहरी नियम नव्हे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे निघू शकतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांचे प्रकार २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून तिथे कलर दुर्मीळ. या न्यायाने तीन पत्तीत तीन सारखे पत्ते (५२ प्रकार) हे एकाच रंगाच्या सिक्वेन्सच्या (४८ प्रकार) खाली यायला हवेत, पण आपण तिथे गणित गुंडाळून ठेवले आहे. असो.

तेव्हा पोकरमध्ये बुद्धी लागते, हे मी मान्य करतो. चांगला खेळाडू पत्त्यांची शक्यता मोजतो, समोरच्याची सवय ओळखतो आणि बहुतेक डाव खेळतच नाही, पॅक होतो. भाचाही मला हेच पटवत होता. त्याच्या मोबाईलमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या डावांची चित्रे भरलेली होती. त्यांत त्याचा लाडका माणूस ख्रिस मनीमेकर. हे त्याचे खरे आडनाव. टेनेसी राज्यात हिशेबनीसाची नोकरी करणारा हा २७ वर्षांचा तरुण इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या एका पात्रता स्पर्धेतून २००३ साली लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ला पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यातल्या एका निर्णायक डावात त्याच्या हाती काहीच लागले नव्हते, तरी त्याने सगळे पैसे पुढे लोटले आणि मुरलेल्या सॅम फार्हाने नव्वांची जोडी टाकून दिली. हा डाव टीव्हीवर, झाकलेले पत्ते दिसतील अशा कॅमेऱ्यातून, जगभर पाहिला गेला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६ आणि २००६ साली ८,७७३.

"मामा, तोही तुमच्यासारखा हिशेबाचाच माणूस होता," भाचा म्हणाला.

मी म्हटले, हिशेबाचाच माणूस म्हणून विचारतो, उरलेल्या ८३८ जणांपैकी कितींची नावे तुला ठाऊक आहेत?

आता खरा हिशेब सांगतो, कारण तो जाहिरातीत नसतो. चाळीतल्या डावात सहाजण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले, तर उठतानाही त्या खोलीत ६,००० रुपयेच असतात. कोणाचे कमी झाले, कोणाचे वाढले, एवढेच. क्लबात किंवा अड्ड्यावर मात्र जागावाला दर डावातून आपली नाल कापतो. ऑनलाइन पोकरमध्ये हीच नाल 'रेक' या नावाने संगणक कापतो. समजा, सरासरी डाव १०० रुपयांचा आणि नाल पाच टक्के. प्रत्येक डावामागे पाच रुपये गेले. घरी पत्ते पिसून, कापून, वाटून तासाला वीसेक डाव होतात. मोबाईलवर पिसणे नाही की वाटणे नाही, समजा साठ डाव झाले. तासाला ३०० रुपये गेले. वीस तासांत ६,००० रुपये, म्हणजे सहाही जणांनी आणलेली सगळी रक्कम! कोणीही मूर्खपणे खेळले नाही, कोणी फसवले नाही, तरीही. टेबलावर पैसे दिसतात ते नव्याने भरलेले. आणि बुद्धीचे म्हणाल तर ती दुसऱ्याकडेही असते. नाल भरून वर नफा उरण्यासाठी नुसते हुशार असून चालत नाही, समोरच्या पाचांहून बरेच जास्त हुशार असावे लागते. दिवसभर गोदामात उभा राहिलेला मुलगा रात्री एक वाजता कोणाहून हुशार असणार?

शिवाय समोर बसले आहे कोण, हे तरी कुठे दिसते? २००७-०८ च्या सुमारास परदेशातील 'ॲब्सोल्यूट पोकर' आणि 'अल्टिमेट बेट' या दोन संकेतस्थळांवर आतल्या माणसांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे उघडकीस आले. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली, तेव्हा 'फुल टिल्ट'कडे खेळाडूंची देणी भागतील एवढा पैसाच नव्हता. लोकांना पैशांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. आणि २०१९ साली तर 'प्लुरिबस' नावाच्या संगणक प्रणालीने सहाजणांच्या डावात व्यावसायिक खेळाडूंना हरवून दाखवले.

कायद्याबाबतही आपल्या मुलांना अर्धेच सांगितले गेले. "हा कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे," हे वाक्य भाच्याला तोंडपाठ होते. सुप्रीम कोर्टाचा तो निकाल १९६७ सालचा, सिकंदराबादच्या एका क्लबाचा, आणि तो रमीविषयी आहे. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची, तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात पुढे असेही आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक जर नफा काढत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणजे नालेवर न्यायालयाचे बोट तेव्हाच पडले होते! जाहिरातवाल्यांनी पहिले अर्धे घेतले आणि दुसरे सोडून दिले. पोकरविषयी तर एकमत नव्हतेच. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगारातून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकर हा जुगारच ठरवला.

शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे सर्वच ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा सरकारचाच अंदाज होता. कंपन्या न्यायालयात गेल्या. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले, पण परदेशातून चालणाऱ्या संकेतस्थळांच्या लिंका मोबाईलवर येतच असतात. म्हणून "आता बंदी आहे" असे म्हणून आई-वडिलांनी निर्धास्त राहू नये. हे सरकार २०२३ पासून याच खेळात भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लावत होते, हेही विसरू नये.

भाच्याच्या खात्याचा उतारा काढला तेव्हा मला दिसले, पहिली भरणा ५० रुपयांची होती. दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात ५००. एकदा ९,००० जिंकलाही होता, आईला साडी घेतली ती त्यातूनच. जानेवारीनंतर रात्री बारा ते तीनच्या दरम्यान २,०००, २,०००, ३,००० अशा ओळी. वर्गणीचे पैसे त्याच खात्यात, त्याच मोबाईलवर. "उद्या परत टाकीन म्हणून घेतले, मामा." प्रत्येक रात्रीचे तेच. यात चूक त्याची आहेच, पण मंडळाचा पैसा एका पोराच्या खाजगी खात्यात ठेवू देणारा हिशेब तपासनीस मीच होतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर, हरला तर शोक, हातचे धन जाते, हे तर कोणीही सांगेल. पण पुढचे पाहा. सभेत त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि लग्नासाठी त्याला कोणी पसंत करत नाही. विहारात हे मी दहा वेळा वाचून दाखवले असेल. मंडळाच्या बैठकीत भाचा उभा राहिला आणि कोणी त्याच्याकडे बघेना, तेव्हा त्यातला चौथा तोटा मला कळला. त्याच्या ठरत आलेल्या सोयरिकीचे काय झाले ते लिहीत नाही.

बैठकीत काही जण पोलिसांत द्या म्हणाले. त्यांचेही चूक नव्हते, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांनी शंभर-शंभर रुपये दिले होते. माझी बहीण मागे दाराशी उभी होती, गोकुळाष्टमीला बायका उभ्या राहायच्या तशीच. शेवटी एका वयस्कर बाईंनीच सांगितले, पोराला काम करू द्या आणि फेडू द्या. मोटारसायकल विकून २५,००० आले. जयंती झाली, बँजो रद्द केला, जेवणावळ ठेवली. उरलेले १८,१०० रुपये महिना दीड हजाराने तो फेडू लागला. मंडळाचे आता दोन सह्यांचे खाते आहे.

ज्यांच्या घरी असे काही चालू असेल त्यांनी आरडाओरड करण्याआधी एवढे करावे. मुलासमोर बसून बँकेचा उतारा महिन्या-महिन्याने पाहावा. कर्ज देणारी ॲपे मोबाईलवर आहेत का, ते विचारावे. पगार काही काळ घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा, तो विनामूल्य आहे. आम्ही भाच्यासाठी लावला होता.

दर महिन्याच्या सात तारखेला बहीण आणि भाचा दोघे हप्ता घेऊन माझ्याकडे येतात. मी पावती भाच्याच्या नावाने फाडतो. बहीण दर वेळी म्हणते, "दादा, माझे नाव घाल ना." मी घालत नाही. तो पावती नीट घडी करून पाकिटात ठेवतो आणि मग चहा होतो.