तारीख तिकडे, हजेरी इकडे

पहाटे ५.१५
ओमानमधल्या रुस्ताकचं घड्याळ महाराष्ट्राच्या दीड तास मागे. मी गॅस पेटवते तेव्हा तिकडे धाकट्या भावाचा पहिला चहा होऊन गेलेला असतो. आज गुरुवार, माझ्या आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस आणि घरपट्टीच्या अपिलाची तारीख.
“ताई, वकीलसाहेब म्हणतात मूळ पावती हवी. झेरॉक्स चालणार नाही.”
“निळ्या फायलीत बघ. बिलाच्या मागे टाचलीय.”
“बिल सापडलं, पावती नाही.”
“उलटं कर ते बिल.”
सापडली.

७.३०
बांधकाम-साहित्याच्या दुकानात मी हिशेब बघते. सकाळी टाइल्स भरलेले पिकअप वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्यातल्या, गावांकडे निघतात, त्याआधी बिलं तयार लागतात. इथे घरमालकाला वार्षिक घरपट्टी येत नाही. भाडेकरार नोंदवताना नगरपालिका फी घेते, तेवढीच. वैयक्तिक आयकरही अजून नाही. २०२५ मध्ये शाही हुकूम निघाला, त्याप्रमाणे २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालांवरच्या उत्पन्नावर ५ टक्के लागेल. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, मी अपिलाची हकिगत सांगितली तेव्हा त्याने एकच विचारलं, “घर तुमचंच आहे ना?”

८.४५
वेळ मिळाला की मी घरपट्टीचं ते बिल पुन्हा उघडते. बाबांचं दुमजली घर आता आम्हा भावंडांच्या नावावर आहे. नव्या मोजणीनंतर कर एकदम चढला, तेव्हा धाकट्याने नुसती बेरीज पाहिली. मी ओळी वाचल्या: सामान्य कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलप्रवाह सुविधा लाभ कर, वृक्ष उपकर, अग्निशमन उपकर, शिक्षण कर. खाली एक ओळ आधीच्या बिलात कधीच नव्हती, रोजगार हमी कर. हा कर राहत्या घराला लागत नाही, बिगरनिवासी जागेला लागतो. म्हणजे घरातली कुठली तरी जागा कागदावर दुकान झाली होती. शोधलं तर निघाली जिन्याखालची खोली, जिच्यात आईची शिलाई मशीन, जुने पाट आणि गणपतीची आरास ठेवलेली आहे. खोलीला रस्त्याच्या बाजूने शटर आहे, एवढाच तिचा गुन्हा. मोजणीवाल्याचा शेरा होता, ‘व्यावसायिक वापर शक्य’.

९.३०
तिकडे अकरा. कोर्ट बसलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खालचं अपील पुण्यात लघुवाद न्यायालयात जातं, बाकीच्या शहरांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. आधी महापालिकेकडे तक्रार, तिचा निकाल लागला की पंधरा दिवसांत अपील. शिवाय वादातली रक्कम आधी भरायची, तेव्हा कुठे अपील ऐकलं जातं. ती भरल्याचीच पावती सकाळी शोधत होतो.

परदेशातल्या माणसाला हे पंधरा दिवस फार तोकडे पडतात. मुखत्यारपत्रावर सही करायला मला मस्कतला स्वतः जावं लागलं, कागद कुरियरने जातो आणि महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो. धाकटा सहमालक नसता तर आमची मुदत केव्हाच उलटली असती. त्याच्या सहीने अपील दाखल झालं, माझं मुखत्यारपत्र मागाहून पोचलं. बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की आकड्यावर भांडण्याआधी नोटिशीवरची तारीख वाचा, आणि मुखत्यारपत्र भांडण नसतानाच करून ठेवा.

आधी पैसे भरण्याच्या अटीला अहमदाबादच्या गिरण्यांनी आव्हान दिलं होतं. अनंत मिल्स खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम ठेवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिला, तेव्हा त्याला अटीही कायदाच घालणार. हिशेबनीस म्हणून मला ते पटतं, कारण जो तो अपील करून कर थकवू लागला तर शहराचे दिवे बंद पडतील. पण ज्याचा कर तिप्पट झालाय, तोच ती रक्कम भरू शकत नाही आणि दारातच अडतो. न्यायाधीशांना सवलत द्यायची थोडी मोकळीक हवी, असं माझं मत. न भरावं तर महिन्याला २ टक्के शास्ती चढतेच.

१०.२०
“ताई, झालं. महापालिकेच्या वकिलांनी लेखी म्हणणं, से, दाखल करायला मुदत मागितली.”
“आणि आपला मोजणीचा अर्ज?”
“दिला. कोर्ट कमिशनर नेमायचा का, ते से आल्यावर बघू म्हणाले.”
पुढची तारीख महिन्याभरानंतरची, आणि शुक्रवार. इथे शुक्रवारी सुट्टी असते, म्हणजे निदान त्या दिवशी फोन टेबलाखाली धरावा लागणार नाही.

१.००
दुकानं चारपर्यंत बंद. आमटी-भात खाऊन मी मुंबईचा निकाल वाचत पडते. मुंबईत २०१० पासून कर भांडवली मूल्यावर लागतो. त्या नियमांतले २०, २१ आणि २२ हे नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. मालमत्ता आज जशी आहे तशीच धरायची, उद्या तिथे किती बांधता येईल त्याचा विचार आजच्या करात आणायचा नाही. आमच्याकडे कर करयोग्य मूल्यावर आहे, म्हणजे घर वाजवीपणे वर्षाला किती भाड्याने जाईल ते धरून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण ‘वापर शक्य’ या शेऱ्याला उत्तर त्यातूनच निघतं. परिच्छेदांना खुणा करून वकीलसाहेबांना पाठवले.

५.३०
उधारीच्या वसुलीसाठी खजुराच्या बागांकडे जाऊन आले. युनेस्कोच्या यादीत २००६ मध्ये ओमानचे जे पाच फलज, म्हणजे पाण्याचे जुने कालवे, गेले, त्यातला मयस्सर इथलाच. फलजच्या पाण्याच्या काही पाळ्या लिलावात जातात आणि त्या पैशातून कालव्याची डागडुजी होते. कर द्यायला माझी ना नाही. कशाचा देतोय ते कळावं आणि मोजमाप खरं असावं.

९.१५
गल्ला जुळला, साडेचार रियाल जास्त निघाले, ते पुढच्या आठवड्याच्या खात्यात. धाकट्याला निरोप टाकला: खोलीचे आतून फोटो काढ, शटर उघडं ठेवून आणि बंद करून, दोन्ही. विजेचं बिल घरगुती दराचं आहे, त्याच्या तीन वर्षांच्या प्रती काढ. आजच्या रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज कर. आणि शिलाई मशीन हलवू नकोस, कमिशनर येऊन बघून जाईपर्यंत.